चौपाटीवर काडतूस सापडलं, तर?

गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी माझा भाचा पहाटेच दादर चौपाटीवर गेला होता. वय सतरा. ऑनलाइन मागवलेलं मेटल डिटेक्टर हातात, कानाला हेडफोन, पाठीवर सॅक. दहाच्या सुमारास ताईचा फोन आला, "जरा ये रे इकडे. हा काहीतरी घेऊन आलाय."

मी परळला पोचलो तेव्हा ते ‘काहीतरी’ गॅसच्या ओट्यावर पडलं होतं, बर्नरपासून वीतभर अंतरावर. हिरवट पुटं चढलेलं, करंगळीपेक्षा थोडं लांब पितळी काडतूस. भाच्याने त्याला चिंच लावून अर्धं घासलंही होतं. "मामा, पितळ आहे ना, चिंचेने मस्त निघतं." आजीची समई घासावी तसं पोरगं काडतूस घासत होतं. चौपाटीवरून घरी ते त्याने पँटच्या खिशातून, बसने आणलं होतं.

त्या सकाळी आमच्या घरात जे प्रश्न निघाले, ते कुणाच्याही घरात निघतील. स्वस्त डिटेक्टर आता शंभर ठिकाणी मिळतात, चौपाटीवर नाणी-अंगठ्या शोधणाऱ्यांची रिळं लाखो लोक बघतात, आणि खाडीपुलांखाली दोरीला चुंबक बांधून नाणी काढणारी पोरं तर रिळांच्या आधीपासूनची. म्हणून हे जरा मुळापासून.

यंत्र वाजतं, पण सांगत काहीच नाही

डिटेक्टरच्या थाळीत तारेचं वेटोळं असतं. त्यातून सतत बदलणारी वीज जाते, तिच्यामुळे जमिनीत चुंबकीय लहरी जातात, आणि खाली धातू असला की त्यातही क्षणभर वीज खेळते. तिचा पडसाद थाळीला कळतो आणि यंत्र ‘पीं’ करतं. यंत्राची अक्कल इतकीच. महागडी यंत्रं लोखंड आणि पितळ यांत फरक करतात, पण पितळेचा नळ की पितळेचं काडतूस, हे कुणी सांगू शकत नाही. रेल्वे स्टेशनच्या दारातली ती चौकट आठवा. प्रत्येक माणसागणिक वाजते आणि कुणी वळूनही बघत नाही. वाजण्याला अर्थ नसतो. वाजल्यावर बघायचं कोणी, याला असतो.

चुंबकवाल्यांची गोष्ट उलटी आणि जास्त वाईट आहे. पितळ आणि शिसं चुंबकाला चिकटत नाही, म्हणजे साधी काडतुसं त्याच्या तावडीतून बहुतेक सुटतात. चिकटतं ते लोखंड आणि पोलाद. हातबॉम्बचं कवच ओतीव लोखंडाचं, तोफगोळ्याचं पोलादी. रुपया-दोन रुपयांची नाणी काढायला टाकलेला चुंबक नेमकी सगळ्यांत धोक्याची वस्तू ओढून वर आणतो.

‘जिवंत’ म्हणजे नेमकं काय

पोलिसांच्या पंचनाम्यात ‘जिवंत काडतूस’ आणि ‘रिकामी पुंगळी’ हे दोन शब्द नेहमी भेटतात. आपण सरसकट ‘गोळी’ म्हणतो, तिथेच गोंधळ सुरू होतो.

काडतुसाचे चार भाग. पुढचं टोक, जे बंदुकीतून सुटून जातं, ती खरी गोळी. तिला धरून ठेवणारी पितळी नळी म्हणजे पुंगळी. पुंगळीत भरलेली दारू. आणि बुडाशी मध्यभागी बसवलेली छोटी टोपी, जिच्यात ठोक्याने पेटणारं अतिसंवेदनशील रसायन असतं. घोडा दाबला की सुई त्या टोपीवर आपटते, ठिणगी पडते, दारू भडकते आणि वायूच्या दाबाने गोळी नळीतून बाहेर. दिवाळीतल्या रॉकेटसारखंच, फक्त इथे वातीच्या जागी टोपी. चारही भाग जागेवर असले आणि टोपी फुटलेली नसली, तर काडतूस जिवंत. गोळी सुटून गेली की मागे उरते ती रिकामी पुंगळी.

आमच्या ओट्यावरच्या काडतुसाचं टोक जागेवर होतं आणि टोपी गुळगुळीत होती, सुईच्या ठोक्याची खूण नव्हती. बुडावर पुसट ‘केएफ’ अशी अक्षरं होती. हा खडकीच्या दारूगोळा कारखान्याचा जुना शिक्का. म्हणजे माल आपल्या पुण्याकडचा. थ्री नॉट थ्री रायफलचं काडतूस, जी रायफल आपल्या पोलिसांच्या खांद्यावर परवापरवापर्यंत दिसायची.

पण टोपीवर खूण असली म्हणजे काडतूस मेलेलं, असंही समजू नका. ठोका बसूनही कधीकधी दारू पेटत नाही. लहानपणी आईने सांगितलेलं आठवत असेल, फुसक्या सुतळी बॉम्बजवळ जायचं नाही. तेच हे. फरक एवढाच की हा कधी पेटवला आणि कुणी, हे तुम्हाला माहीत नसतं.

डोळ्यांनी ओळखण्यावर भरवसा ठेवू नये, याचं मुंबईतलं सगळ्यांत बोचरं उदाहरण २००८ चं. २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतर सीएसटीवर प्रवाशांचं पडलेलं सामान गोळा करून ठेवलं होतं. त्या ढिगात अतिरेक्यांनी ठेवलेल्या बॉम्बची बॅगही होती. ती लक्षात आली ३ डिसेंबरला, आठवडाभराने. तोवर स्टेशन पुन्हा गजबजलं होतं. बॅग म्हणून ती इतर बॅगांसारखीच दिसत होती.

मुंबईच्या मातीत हे येतं कुठून

"आपल्याकडे कुठे युद्ध झालंय?" हा प्रश्न ताईनेच विचारला. झालं नाही, पण युद्धाचा माल इथूनच गेला.

१४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ नावाचं जहाज उभं होतं. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं आणि दारूगोळा, शिवाय कापसाच्या गासड्या आणि सोनं. दारूगोळ्याशेजारी कापूस भरणाऱ्यांच्या डोक्यात काय होतं देव जाणे. दुपारी आग लागली, चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाने दुसरा. सिमल्यातल्या भूकंपमापकांनाही हादरा कळला. गोदी, आसपासची जहाजं, मांडवीपर्यंतच्या वखारी होत्याच्या नव्हत्या झाल्या. शेकडो माणसं गेली. त्यात अग्निशमन दलाचे ६६ जवान होते, म्हणून आजही देशभर १४ एप्रिलपासून अग्निसुरक्षा सप्ताह पाळला जातो.

जहाजातलं सगळंच त्या दिवशी फुटलं नाही. स्फोट आजूबाजूचा माल पेटवतो तसा उधळूनही देतो. गोदीतला गाळ उपसताना पुढची कित्येक वर्षं वस्तू सापडत राहिल्या. २०११ च्या ऑक्टोबरात तिथे ४५ किलोचा जिवंत तोफगोळा निघाला. म्हणजे ६७ वर्षांनी.

ही एक वाट. दुसरी वाट किनाऱ्यावरच्या जुन्या तोफखान्यांची. घारापुरीच्या डोंगरावरच्या दोन अजस्र तोफा सहलीला गेलेल्या प्रत्येकाने पाहिल्यात. मलबार हिलच्या राजभवनात तर २०१६ मध्ये इंग्रजांच्या वेळचं अख्खं भुयार सापडलं आणि दोन वर्षांनी प्रत्येकी २२ टनांच्या दोन तोफा. तोफ जिथे होती तिथे गोळेही असणार. तिसरी वाट गुन्हेगारीची. १९९३ च्या स्फोटांनंतर तपास सुरू झाला तेव्हा ठाण्याजवळ नागला बंदरच्या खाडीत टाकलेला आरडीएक्सचा साठा बाहेर काढावा लागला. अंगावर आलं की खाडीत टाकायचं, ही आपल्याकडची जुनी खोड, मग ते निर्माल्य असो की स्फोटकं.

चौथी वाट भंगाराची, आणि माझ्या मते आज तीच सगळ्यांत वाहती आहे. कुर्ल्याच्या किंवा धारावीच्या तेरा कंपाउंडच्या गल्ल्यांत जगभरचं लोखंड-पितळ येतं. २००४ मध्ये दिल्लीजवळ साहिबाबादच्या एका पोलाद कारखान्यात परदेशातून आलेल्या भंगारातला तोफगोळा फुटून दहा कामगार दगावले. त्यानंतर आयात भंगाराच्या तपासणीचे नियम कडक झाले. नगरजवळ लष्कराच्या के. के. रेंजच्या आसपासच्या गावांत तर भंगारासाठी गोळा उचलायचा, फोडायला बसायचं आणि जीव गमवायचा, हे पुन्हा पुन्हा घडलंय. पितळेचा भाव माणसाला धीट करतो.

"इतकी वर्षं पाण्यात होतं, मेलं असेल की!"

हा आक्षेप सगळ्यांत नैसर्गिक आहे आणि सगळ्यांत घातकही. आपल्या डोक्यात जुन्या औषधाच्या गोळीचं गणित असतं, की मुदत संपली म्हणजे गुण गेला.

स्फोटकांचं तसं नसतं. फटाक्यातली काळी दारू ओली झाली की बिघडते हे खरं. पण रायफलीतली आधुनिक दारू वेगळी, आणि ती पितळी पुंगळीत घट्ट बंद असते. पाणी आत शिरलं नाही तर ती दशकानुदशकं तशीच राहते. तोफगोळ्यातलं टीएनटी तर पाण्यात विरघळतही नाही म्हणायला हरकत नाही. बरं, बिघडलं म्हणजे सौम्य झालं असंही नाही. काही स्फोटकांचा धातूशी आणि ओलाव्याशी वर्षानुवर्षं संयोग होऊन असे क्षार तयार होतात, जे मूळ पदार्थापेक्षा जास्त चिडखोर असतात. जरासं घासणंही त्यांना पुरतं. म्हणून त्या चिंचेचं मला जास्त भय वाटलं. चिंच स्वतः काही करणार नाही. पण चिंच लावली की मागून घासणं आलं, घासताना उलटंसुलटं करणं आलं, आणि हात निसटून फरशीवर पडणंही आलं.

हातबॉम्बचं तर आणखी वेगळं. दुसऱ्या महायुद्धातल्या ३६ नंबरच्या मिल्स बॉम्बचं आतलं काम उंदराच्या पिंजऱ्यासारखं आहे. आत ताणलेली स्प्रिंग. तिला अडवणारी बाहेरची पट्टी. त्या पट्टीला अडवणारी एक बारीकशी पिन. पट्टी सुटली की चार सेकंदांत खेळ खलास. आता कल्पना करा, की ऐंशी वर्षं खाऱ्या पाण्यात काय गंजलं असेल? पहिल्यांदा ती बारीक पिन. स्प्रिंग मात्र अजून ताणलेली असू शकते. जुना पिंजरा नव्यापेक्षा लवकर मिटतो.

आणि वय म्हणाल तर २००८ मध्ये अमेरिकेत व्हर्जिनियात एक अनुभवी संग्राहक स्वतःच्या घरी यादवी युद्धातला तोफगोळा साफ करताना गेला. तो गोळा १४० वर्षांहून जुना होता. जर्मनीत ग्योटिंगेन शहरात २०१० मध्ये दुसऱ्या महायुद्धातला बॉम्ब निकामी करायची तयारी चालू असतानाच फुटला. गेलेले तिघे जण त्याच कामातले तज्ज्ञ होते. तज्ज्ञांची ही गत, तर यूट्यूब बघून पाना घेऊन बसणाऱ्याचं काय सांगावं.

"पण एवढंसं तर आहे!"

इथे मी भाच्याच्या बाजूने थोडं बोलणार आहे. सुटं काडतूस आणि तोफगोळा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बंदुकीबाहेर पडलेलं काडतूस पेटलंच, तर सिनेमात दाखवतात तशी गोळी भिंत भेदून जात नाही. गोळीला वेग देते ती बंदुकीची लांब नळी. ती नसली की कुकरचं झाकण उडावं तशी पुंगळी फाटते आणि पितळेच्या चिरफळ्या उडतात. डोळा जाऊ शकतो, बोटं जाऊ शकतात. इमारत पडत नाही. ते आपण होऊन फुटण्याची शक्यताही कमी. त्याला ठोका हवा किंवा चांगलीच उष्णता हवी. गॅसच्या ओट्यावर उष्णतेची सोय होती, हे ताईच्या लक्षात आलं आणि मग ती जी सुरू झाली, ती संध्याकाळपर्यंत.

तोफगोळा, हातबॉम्ब, रॉकेट यांचं मात्र सगळं बांधकामच फुटून तुकडे दूरवर उडावेत यासाठी केलेलं असतं. काही गोळ्यांत पांढरा फॉस्फरस असतो. तो पाण्याखाली किंवा चिखलात शांत असतो आणि वाळून हवा लागली की आपोआप पेटतो, कारण त्याला लागणारी उष्णता मुंबईच्या मे महिन्यात सावलीतही मिळते. किल्ल्यांवर सापडणारे लोखंडी गोळेही सगळे भरीव नसतात. पोकळ, दारू ठासलेले गोळेही होते. वरून दोन्ही सारखेच दिसतात.

सापडल्याक्षणी

हात मागे. नियम म्हणाल तर हा एकच, बाकीचं सगळं त्याचंच शेपूट आहे.

खणत असाल तर जिथे आहात तिथे थांबा. अजून थोडं उकरून ‘नक्की काय आहे’ ते बघायचा मोह होईल. तो आवरा. वाळू परत लोटून झाकूही नका, नाहीतर येणाऱ्याला ते सापडणार नाही. चुंबकाला चिकटून वर आलं असेल तर झटकून सोडवायचं नाही, पुन्हा पाण्यातही सोडायचं नाही. किनाऱ्यावर हलकेच टेकवा आणि दोरी सोडून द्या. चुंबक गेला तर गेला.

आल्या पावली मागे या, कारण आलेली वाट तुम्ही तुडवलेली आहे. दुसरी वाट तुडवलेली नाही. एकटंदुकटं काडतूस असेल तर दहा-पंधरा पावलं पुरे. त्याहून मोठं, लांबट, पंख असलेलं, अननसासारख्या खाचांचं किंवा नुसतंच ‘कळत नाही’ असं काही असेल तर निदान शंभर मीटर, आणि मध्ये भिंत किंवा इमारत येईल अशा बेताने. चौपाटीवर शंभर मीटर मोजता येत नाहीत. दोन-तीन भेळवाले ओलांडून जा म्हणजे झालं. डिटेक्टर बंद करा. फोनही दूर गेल्यावरच काढा, कारण काही स्फोटकांची टोपी विजेवर चालते आणि लहरी सोडणारी यंत्रं तिच्याजवळ नकोत. दुरूनच झूम करून एक फोटो काढता आला तर उत्तम. फोटोसाठी पुन्हा जवळ जायचं नाही.

मग ११२ लावा. जुना १०० ही चालतो. समुद्रात किंवा होडीवर असाल तर सागरी पोलिसांचा १०९३ किंवा तटरक्षक दलाचा १५५४. सांगताना ‘बॉम्ब आहे’ असं ओरडू नका आणि ‘काही नाही, छोटंसं आहे’ असंही नको. काय दिसलं, केवढं, कुठे, तुम्ही हात लावला का. जागा सांगताना मुंबईची पद्धत वापरा: कुठल्या गेटसमोर, कुठल्या शौचालयापासून किती पावलं. वाळूवर पत्ता नसतो आणि भरती तुमच्यासाठी थांबत नाही. पाणी चढायला लागलं असेल तर तेही सांगा.

पोलिस येईपर्यंत माणसं आणि कुत्री तिकडे जाऊ नयेत एवढं बघा. पुढे काम असतं बॉम्ब शोधक व नाशक पथकाचं. काडतूस असेल तर ते पंचनामा करून जप्त होतं आणि गरज पडली तर कालिन्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत जातं. मोठं काही असेल तर परिसर रिकामा करून ते सुरक्षित ठिकाणी नेतात किंवा जागेवरच निकामी करतात. गोदीतल्यासारखं प्रकरण असेल तर लष्कर किंवा नौदलही येतं.

"आम्हालाच आत टाकतील, त्याचं काय?"

खरी भीती ही. स्फोटाची भीती माणसाला नंतर वाटते, पोलिस ठाण्याची आधी. ताईचं पहिलं वाक्य होतं, "कुणाला सांगू नकोस, गुपचूप समुद्रात टाकून ये."

कायदा काय म्हणतो ते बघू. १९५९ चा शस्त्र कायदा परवान्याशिवाय शस्त्र किंवा दारूगोळा बाळगायला मनाई करतो. दारूगोळा या शब्दात काडतुसांपासून हातबॉम्ब, तोफगोळे, रॉकेटपर्यंत सगळं येतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर साधं काडतूस विनापरवाना बाळगल्याबद्दलही किमान दोन ते कमाल पाच वर्षं कैद आणि दंड होऊ शकतो. लष्करी, प्रतिबंधित प्रकारचं असेल तर त्याहून बरीच जास्त. वाचून घाम फुटतो. पण ‘बाळगणं’ या शब्दावर थांबा.

सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्येच, गुणवंतलाल खटल्यात, स्पष्ट केलं, की बाळगणं म्हणजे नुसती वस्तू जवळ असणं नव्हे. ती काय आहे याची जाणीव हवी आणि तिच्यावर तुमचा ताबा हवा. याच तत्त्वावर, विमानतळावर बॅगेच्या कोपऱ्यात एखादं विसरलेलं काडतूस सापडलेल्या कित्येक प्रवाशांवरचे गुन्हे उच्च न्यायालयांनी रद्द केलेत. पण लक्षात घ्या, गुन्हा नोंदला गेला, मग कोर्टात गेले, मग रद्द झाला. मधली वर्षं आणि वकिलाची फी कुणी परत देत नाही.

आता हेच तत्त्व चौपाटीवर लावा. वाळूत पडलेलं काडतूस तुमच्या ताब्यात नाही. तुम्ही ते पाहिलंत आणि कळवलंत, एवढंच. उचलून खिशात घातलंत की ताबा आला. काय आहे ते ओळखून घातलंत की जाणीवही आली. म्हणजे ज्या क्षणी हात पुढे जातो, त्याच क्षणी शरीराचा धोका आणि कायद्याचा धोका दोन्ही सुरू होतात. इतकं नेटकं जुळणारं उदाहरण कायद्यात क्वचित सापडतं.

पोलिसांचा अनुभव गोड असेल असं मी सांगणार नाही. दोन-चार तास जातील, तोच प्रश्न तिघं विचारतील, एखादा "कशाला गेला होतास तिथे?" असं दटावेल. म्हणून ओळखीच्या हवालदाराला खासगीत सांगण्यापेक्षा ११२ वरून कळवावं. तिथे तुमच्या फोनची वेळ नोंदली जाते आणि आपण होऊन कळवल्याचा तोच तुमचा पुरावा. सोबत कुणीतरी वडीलधारं घ्या. जबाब वाचल्याशिवाय सही नको. स्टेशन डायरीतला नोंद क्रमांक मागून घ्या.

समुद्रात टाकण्याबद्दल एकच सांगतो. भरती ते परत आणून देते, आणि यावेळी ते वाळूत खेळणाऱ्या एखाद्या चार वर्षांच्या पोराला सापडतं.

"मग मीच चौकीत नेऊन देतो"

सदिच्छा चांगली, मार्ग चुकीचा. दारूगोळा बसमधून, लोकलमधून नेणं हेसुद्धा कायद्याच्या भाषेत ‘वाहून नेणं’ आहे. मेट्रोच्या दारात तुमची सॅक यंत्रातून जाईल तेव्हा "मी जमा करायलाच चाललो होतो" हे वाक्य तिथल्या जवानाला नवीन वाटणार नाही. शिवाय शेजारच्या सीटवरच्या माणसाने यात भाग घ्यायचं कबूल केलेलं नसतं.

घरी आणलंच असेल तर

आमचं झालं तसं. अशा वेळी लपवायचं नाही आणि पुन्हा हलवायचंही नाही. गॅसच्या ओट्यावर असेल तर शेगडी बंद करा, सिलिंडरचा नॉब बंद करा आणि खोलीतून बाहेर या. काडतूस एकटंच असेल आणि अगदीच तव्याशेजारी असेल, तर एकदाच, अलगद, जमिनीवर ठेवून दार ओढून घेतलं तरी चालेल. हातबॉम्ब किंवा गोळा असेल तर बोटही लावू नका. घर रिकामं करा, शेजाऱ्यांना सांगा. पाण्याच्या बादलीत बुडवायचा सल्ला हमखास कुणीतरी देतो. त्याचा उपयोग नाही, आणि बादलीपर्यंत न्यायला ते हलवावं लागतं. मग ११२. आणि खरं सांगा, की आणलं, घासलं, किती वाजता. खोटं पहिल्याच उलटतपासणीत उघडं पडतं.

मुंबईत याचा आणखी एक प्रकार वाढलाय. चाळ पुनर्विकासाला जाते, माळे रिकामे होतात आणि आजोबांच्या ट्रंकेत काडतुसांचं खोकं निघतं. आजोबा शिकारी होते किंवा फौजेत होते. परवाना त्यांच्याबरोबर संपला. कायद्याच्या २१ व्या कलमात यासाठी सोय आहे: ताबा कायदेशीर राहिला नाही की विनाविलंब जवळच्या पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं. पण इथेही आधी फोन आणि मग त्यांच्या सांगण्याप्रमाणे. आणि खोकं भंगारवाल्याला तर मुळीच द्यायचं नाही. त्याच्याकडे भट्टी असते.

"रिकामी पुंगळी तरी ठेवू?"

शोकेसवाल्यांचा प्रश्न. कायद्यात दारूगोळ्याच्या सुट्या भागांचाही उल्लेख आहे, पण ४५ व्या कलमात किरकोळ भागांना सूट आहे, जर ते पूर्ण काडतूस बनवण्यासाठी नसतील तर. म्हणजे एखादी खरोखर रिकामी पुंगळी टेबलावर ठेवल्याने कुणी तुरुंगात जात नाही. अडचण ‘खरोखर’ या शब्दात आहे. टोक नाही म्हणजे रिकामी, असं नाही. गोळी गळून पडलेल्या पुंगळीत टोपी आणि थोडी दारू शिल्लक असू शकते. शिवाय परिसरात अलीकडे काही घडलं असेल, तर ती पुंगळी पुरावा असू शकते आणि त्यावर आता तुमच्या बोटांचे ठसे आहेत. मी तरी ठेवणार नाही.

आणि सोनं सापडलं तर?

भाच्याचा शेवटचा प्रश्न हाच होता, आणि ‘फोर्ट स्टिकीन’ची गोष्ट ऐकल्यावर तो येणारच. त्या जहाजावर सोन्याच्या १२४ विटा होत्या, एकेक जवळजवळ पावणेतेरा किलोंची. स्फोटात एक वीट उडून मैलभर लांब एका पारशी गृहस्थाच्या घराचं छप्पर फोडून आत पडली. त्यांनी ती परत केली. बाकीच्या विटा गाळ उपसताना निघत राहिल्या.

कायदा इथेही आहे, १८७८ चा निखात निधीचा. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची मौल्यवान वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. दहा रुपये हा आकडा १८७८ पासून कुणी बदललेला नाही. किल्ल्यांवर आणि संरक्षित वास्तूंच्या आवारात तर यंत्र घेऊन खणणंच गुन्हा, सापडो न सापडो.

दुपारी बीट मार्शल आले, मागोमाग पथकाचे दोघे. त्यांनी काडतूस बघितलं, चिंच बघितली, भाच्याकडे बघितलं. काही बोलले नाहीत, ते बोलण्यापेक्षा वाईट होतं. भाचा अठराच्या आतला म्हणून ठाण्यात जबाब ताईसमोर झाला. निघताना साहेबांनी विचारलं, "अजून काही सापडलं होतं का रे तुला तिथे?"

भाच्याने दुसरा खिसा उलटा केला. एक वाकडी हेअरपिन, सोडावॉटरचं झाकण आणि सात रुपये सुटे.

साहेबांनी ते मोजले आणि परत दिले.